चिक चॉकलेटच्या नावाची एक पाटी लावाल का, मंत्रीसाहेब?

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार. साहेब, विसर्जनाला बँडवाल्यांनी 'शोला जो भडके' धरलं की आमच्या गिरगावात आजोबापासून नातवापर्यंत सगळे भगवानदादा होतात, तुम्हीही कधीतरी नाचला असालच. सिनेमा 'अलबेला', साल १९५१, संगीत आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं, हे सगळं पाठ असतं. पण त्याच सिनेमात झालरीचे शर्ट घालून जो बँड पडद्यावर दिसतो, त्यातला ट्रम्पेटवाला कोण हे दहा जणांना विचारून बघा.

तो चिक चॉकलेट. खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६, गाव गोव्यातलं हळदोणें. चर्चच्या शाळेत पोरांना नोटेशन, म्हणजे कागदावर लिहिलेलं संगीत, वाचायला शिकवायचे, त्या शिदोरीवर कितीतरी गोंयकार मुंबईत आले आणि धोबीतलावच्या कुडींमधे राहिले, कूड म्हणजे एकेका गावाने आपल्या माणसांसाठी चालवलेली खोली. चिक पुढे ताजमधे स्वतःचा बँड घेऊन वाजवायचा, लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे, म्हणजे अमेरिकेतला तो नावाजलेला जॅझ ट्रम्पेटवाला. रात्री हॉटेल, दिवसा फिल्मचा स्टुडिओ. मग मुंबईत दारूबंदी आली (सरकारनेच आणली, हे आपलं सहज सांगतो) आणि हॉटेलातल्या बँडचे दिवस फिरले, तेव्हा स्टुडिओचाच आधार उरला.

काम काय असायचं, तर संगीतकार पेटीवर चाल सांगणार आणि हे गोंयकार वादक ती कागदावर उतरवणार, ट्रम्पेटला काय, सॅक्सोफोनला काय, व्हायोलिनं कुठे शिरणार, प्रत्येकाचा कागद वेगळा. चिक असा सी. रामचंद्रांचा साथीदार होता, मदन मोहनकडेही त्याने काम केलं. रेकॉर्डच्या लेबलवर मात्र गायक आणि संगीतकार. सिनेमात सहायक म्हणून नाव आलं तर आलं. १९६७ मधे गेला, जेमतेम पन्नाशीचा.

आता मुद्द्याचं. आमच्या जुन्या चाळीत एक गोवेकर अंकल होते, व्हायोलिन वाजवायचे. चाळ पाडायला निघाली तेव्हा घर रिकामं करताना त्यांच्या पेटीतले नोटेशनचे कागद मी स्वतः खाली उतरवले, पेन्सिलीने लिहिलेले, कडा पिवळ्या पडलेल्या, एका कोपऱ्यात चहाचा गोल डाग आणि वर फक्त 'ट्रम्पेट २'. कुठलं गाणं, कुणाची अरेंजमेंट, काही नाही. घरच्यांना ते कळत नव्हतं, मलाही नाही, रद्दीवाल्याने किलोवर नेले. मला आजही त्याची लाज वाटते, खोटं कशाला बोलू.

पुतळा वगैरे नको साहेब, त्याच्यावर कबुतरंच बसतात. धोबीतलावला एक पाटी लावा, चिक चॉकलेटचं नाव मराठीत आणि कोंकणीत. आणि पु. ल. देशपांडे अकादमीतून दोन पोरं स्कॅनर आणि रेकॉर्डर घेऊन वांद्र्याच्या, माझगावच्या जुन्या वादकांच्या घरी पाठवा. जे वाजवणारे हयात आहेत ते ऐंशी-नव्वदीचे आहेत, फाइल तीन टेबलं फिरेपर्यंत थांबणार नाहीत.

गिरगावातली दोन घरं मला माहीत आहेत जिथे अजून कागदांची ट्रंक आहे. कुणाला पाठवलंत तर मी बरोबर येतो, फक्त दुपारी एक ते चार सोडून, तेव्हा ते लोक झोपलेले असतात.

आपला,
एक गिरगावकर