सूचना : वांद्रे बँडस्टँडची किनारफेरी, कॅमेऱ्यासह

सदस्यहो, कोजागरीनंतरच्या द्वितीयेला सकाळी ६ वाजता वांद्रे किल्ल्याच्या पायथ्याशी जमायचे आहे. पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप आत जाते आणि त्या दिवशी ओहोटी साधारण सातच्या सुमारास असते. आदल्या रात्री भरती-ओहोटीचे तक्ते बघाच. पाणी चढू लागले की फोटो अर्धा राहिला तरी वर यायचे.

- पट्टा असलेले, घट्ट तळव्याचे बूट घाला. चपला नकोत. हिरवे शेवाळ फार निसरडे असते आणि कालवांच्या कडा पाय कापतात.
- कुठलाही जिवंत शंख हातात घेऊ नका. शंकूच्या आकाराच्या गोगलगाईचा दंश विषारी असतो. रिकामे शंखही उचलू नका, त्यांत खेकडे राहतात. असा खेकडा दिसला की सावली न पाडता मिनिटभर थांबा : आधी पाय बाहेर येतात, मग डोळे. तोच क्षण टिपा.
- दगड उलटलात तर होता तसाच ठेवा. खालच्या जिवांना ओल आणि अंधार लागतो, उन्हात ते मरतात.
- डबक्याचा फोटो चकाकतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे. छत्रीची सावली धरा, लेन्स पाण्याला समांतर ठेवा. फ्लॅश बंद.
- लेन्सवर खारे तुषार उडाले तर कोरड्या कापडाने घासू नका, मिठाचे कण ओरखडे पाडतात. आधी गोड्या पाण्याने ओलसर केलेले कापड, मग कोरडे.

लहान मुलांसोबत एक मोठे माणूस हवेच. येणाऱ्यांनी आदल्या संध्याकाळपर्यंत गटावर नाव कळवावे.