विमानाच्या शेपटीची तपासणी नीट न करता दिलेला अहवाल मागे घेण्याबाबत तक्रार

दि. १२ जून २०२४

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: घरी बांधलेल्या विमानाच्या शेपटीची सदोष तपासणी, चुकीचा अहवाल आणि न केलेल्या कामाचे बिल.

महोदय,

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आपले दोन टेक्निशियन देवळी तालुक्यातील आमच्या शेतावरच्या शेडमध्ये आले आणि आमच्या दोन आसनी विमानाची शेपटी तपासून गेले. पुढे ईमेलने अहवाल आला. ‘तडे आढळले नाहीत, भाग स्वीकारार्ह’ असे त्यात लिहिले आहे, खाली सही-शिक्का आहे. त्याच शेपटीच्या आडव्या पंखाच्या पुढच्या स्पारला (पंखाचा भार पेलणाऱ्या आतल्या तुळईला) दोन्ही बाजूंनी तडे आहेत. डावीकडचा ११ मिलिमीटर, उजवीकडचा ४. फोटो सोबत आहेत.

हे विमान किटपासून बांधलेले आहे. मूळ बांधणाऱ्याकडून आम्ही ते विकत घेतले, तेव्हा त्याचे सुमारे चारशे तास उड्डाण झाले होते. मी स्वतः फ्लाइंग क्लबमध्ये विमानांच्या देखभालीचे काम करून निवृत्त झालो आहे. उडवणार आहे तो माझा पुतण्या, गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर शिकून पायलट झालेला. आपला अहवाल हाती आला, तेव्हा तो इंजिन चालू करून धावपट्टीवर चाचणी घेण्याची तयारी करत होता. मी त्याला थांबवले, कारण त्या दिवशी तपासणी कशी झाली हे मी शेजारी उभा राहून पाहिले होते.

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस, चालू होता. आपली माणसे सकाळी सातला येणार होती, आली दुपारी साडेबाराला. टिनाच्या शेडमध्ये शेपटीच्या पत्र्यावर हात टेकवत नव्हता. माझ्याकडच्या इन्फ्रारेड थर्मामीटरने ५८ अंश दाखवले, ते मी त्यांनाही दाखवले. त्यांनी आणलेल्या लाल पेनिट्रंटच्या (तड्यात मुरून तो दाखवणाऱ्या पातळ रंगाच्या) डब्यावरच १० ते ५२ अंशांची मर्यादा छापलेली होती. तापलेल्या पत्र्यावर पेनिट्रंट तड्यात मुरण्याआधीच वाळते, आणि वाळलेला रंग डेव्हलपरने, म्हणजे नंतर मारायच्या पांढऱ्या थराने, वर ओढला जात नाही. मी म्हटले, उद्या पहाटे करू, मुक्कामाची सोय करतो. उत्तर मिळाले, “काकाजी, घरीच तं बनवलं आहे, एवढं कोण पाहते?”

हे वाक्य मी विसरू शकत नाही. अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले आणि २०१७ साली त्याची रीतसर नोंदणी झाली. घरी बांधलेल्या विमानात बसणाराही माणूसच असतो. कारखान्यातल्या विमानामागे शेकडो डोळे असतात, आमच्यामागे चार. म्हणूनच तर आम्ही पैसे मोजून आपल्याला बोलावले.

पुढचे काम त्याहून वाईट झाले. स्पारवरचा रंग काढलाच नाही. तड्याचे तोंड रंगाखाली बंद असेल, तर पेनिट्रंट आत शिरणार कुठून? एका ठिकाणी मी आग्रह धरला, तेव्हा त्यांनी रंग उतरवणारे केमिकल स्ट्रिपर न वापरता तारेचा ब्रश फिरवला. ॲल्युमिनियम मऊ असते. ब्रशने घासले की धातूचाच पातळ थर तड्याच्या तोंडावर पसरतो आणि तडा झाकला जातो. नंतर जादाचे पेनिट्रंट कपड्याने पुसायच्या ऐवजी क्लीनरचा फवारा थेट भागावर मारला. क्लीनर कपड्यावर घ्यायचा, भागावर नाही, हे या कामातल्या पहिल्या धड्यात शिकवतात, कारण फवाऱ्याने तड्यात मुरलेला रंगही धुऊन निघतो. डेव्हलपर मारल्यावर किमान दहा मिनिटे थांबावे लागते. ते थांबले नाहीत. दोन मिनिटांत फोटो काढून सामान आवरायला लागले.

आणखी एक गोष्ट. पुढच्या स्पारच्या ओळीतल्या दोन रिव्हेटच्या मागे, हवेच्या प्रवाहाच्या दिशेने, काजळीसारखी काळी रेघ उमटलेली होती. रिव्हेट सैल झाला की दोन पत्रे एकमेकांवर घासतात आणि त्याची काळी भुकटी बाहेर येते. विमानावर काम करणाऱ्याला ही रेघ दिसली की तो आधी तिथेच बघतो. मी बोट दाखवले, तर आपल्या माणसाने ती फडक्याने पुसली आणि “मळ आहे” म्हणाला. पुसण्याआधीचा फोटो माझ्याकडे आहे.

अहवाल आल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे, पत्रा थंड असताना, शेपटी आणि धड यांच्यामधले फेअरिंग (सांधा झाकणारे आवरण) काढून मी रंग स्ट्रिपरने उतरवला, भाग धुऊन वाळवला, वीस मिनिटे पेनिट्रंट मुरू दिले. डेव्हलपरच्या पांढऱ्या थरावर काही मिनिटांतच बारीक लाल धागा उमटला. जागा अगदी ठरलेली: स्पारची कड वाकवण्यासाठी कोपऱ्यात जी खाच कापलेली असते, तिच्या आतल्या कोपऱ्यातून तडा निघून वाकाच्या रेषेने उभ्या पत्र्याकडे गेला आहे. बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) आत घालून पाहिले तर तो बाहेरच्या पत्र्याखालीही पुढे जातो. किती पुढे, हे पेनिट्रंट सांगू शकत नाही. ते फक्त पृष्ठभागावर उघडलेला तडा दाखवते.

त्यासाठीच एडी करंट तपासणी (धातूत विजेचे भोवरे निर्माण करून तडा शोधण्याची) मागवली होती. रंगाच्या पातळ थरावरूनही रिव्हेटच्या भोकांभोवतीचे तडे त्यात कळतात. आपल्या कोटेशनमध्ये ती आहे, बिलात आहे, अहवालातही ‘समाधानकारक’ म्हणून आहे. ते यंत्र आमच्या शेडमध्ये आलेच नाही! अहवालात तर स्पारची मॅग्नेटिक पार्टिकल तपासणी, म्हणजे भाग चुंबकित करून लोहकणांनी तडा शोधण्याची तपासणी, केल्याचीही खूण आहे. स्पार ॲल्युमिनियमचा आहे. ॲल्युमिनियमला चुंबक धरत नाही, त्यावर ही तपासणी होऊच शकत नाही. म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी फॉर्मवर आमचे नाव घातले गेले आहे.

बहुतेक विमानांत आडवी शेपटी उड्डाणभर खाली दाब देत असते, म्हणून नाक वर राहते. ती तुटली तर नाक खाली जाते आणि पायलटच्या हातात काही उरत नाही. १२ ऑगस्ट १९८५ रोजी जपान एअरलाइन्सचे १२३ क्रमांकाचे विमान कोसळून ५२० माणसे गेली. १९७८ मध्ये त्याच विमानाच्या मागच्या दाबभिंतीची (आतली दाबाची हवा अडवणाऱ्या भिंतीची) दुरुस्ती चुकीची झाली होती, जिथे रिव्हेटच्या दोन ओळींनी भार घ्यायला हवा होता तिथे एकच ओळ घेत होती. कागदावर दुरुस्ती पूर्ण होती. तडे सात वर्षे नजरेआड वाढत राहिले आणि शेवटी भिंत फुटून उभी शेपटीच गेली. आमचे विमान लहान आहे, पण धातू थकतो तो त्याच रीतीने.

आपण घेतलेली रक्कम ३८,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ६,९३०, एकूण ४५,४३० रुपये. त्यातली एडी करंट आणि मॅग्नेटिक तपासणीची रक्कम परत करावी. अहवाल लेखी मागे घ्यावा, कारण तो परवान्याच्या फाइलला लागणार होता आणि उद्या विमान दुसऱ्याकडे गेले तर तोच कागद पुढे जाईल. लेव्हल टू प्रमाणपत्र (अशा तपासण्या स्वतः करून निकाल देण्याची पात्रता) असलेला तपासनीस, यंत्र जुळवून घेण्यासाठी लागणाऱ्या त्याच मिश्रधातूच्या कॅलिब्रेशन ब्लॉकसह, पुन्हा पाठवावा. तडा कुठवर गेला ते कळल्याशिवाय किटच्या डिझाइनरने सांगितलेली दुरुस्ती करायची की स्पारच बदलायचा, हे मला ठरवता येत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे याच दोघांनी उन्हाळ्यात आणखी जिथे जिथे तपासणी केली असेल, त्या ग्राहकांना आजच कळवावे. कुणाचा बॉयलर असेल, कुणाची क्रेन असेल. ते आपल्या शिक्क्यावर विसंबून यंत्र चालवत असतील.

फोनवर मला तीनदा ‘साहेब बाहेर आहेत’ असे सांगण्यात आले, म्हणून हे पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवत आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार वर्ध्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. स्पार, पेनिट्रंटचे डबे आणि सर्व मूळ फोटो मी जसेच्या तसे ठेवले आहेत.

तपासनीस पाठवताना आदल्या दिवशी फोन करावा. पाऊस लागला की आमच्या पांदण रस्त्यावर चारचाकी येत नाही. डांबरी रस्त्यावरून यंत्र आणायला मी ट्रॅक्टर पाठवीन. वेळ मात्र पहाटेचीच ठेवावी.

आपला,
(सही)
ग्राहक, ता. देवळी, जि. वर्धा

सोबत: बिल व कोटेशनची प्रत, आपला अहवाल, तड्यांचे व रिव्हेटचे फोटो, बोरस्कोपचे चित्रीकरण