चूक माझ्या नावे टाकू नका

इचलकरंजी, जि. कोल्हापूर
दि. १० डिसेंबर २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन पदवी प्रवेश विभाग

विषय : माझ्या परवानगीशिवाय विद्यापीठाकडे दिलेला विलंबमाफीचा अर्ज मागे घेणे, न झालेल्या प्रवेशाचे पैसे परत करणे आणि कर्ज बंद करण्याबाबत.

महोदय / महोदया,

तुमच्या अ‍ॅपवर माझ्या चार तक्रारींपुढे हिरव्या अक्षरांत ‘निकाली’ असं दिसतं. त्यातली एकही निकाली निघालेली नाही. प्रत्येक वेळी एक नवा मुलगा फोन करतो, ‘मॅडम, प्रॉब्लेम काय आहे?’ असं पहिल्यापासून विचारतो, मी सगळं सांगते, आणि संध्याकाळपर्यंत तक्रार बंद होते. म्हणून हे पत्र कागदावर लिहून स्पीड पोस्टाने पाठवते आहे. प्रत ईमेलवरही आहे. उत्तर लेखी हवं, फोन नको.

जूनमध्ये मी तुमच्या कंपनीमार्फत विद्यापीठाच्या ऑनलाइन पदवीसाठी अर्ज भरला आणि तो प्रवेश झालाच नाही. पैशांचं पुढे लिहिते. आधी विलंबमाफीच्या त्या अर्जाचं.

२१ नोव्हेंबरला मी कंटाळून तुम्हाला बाजूला ठेवलं आणि थेट विद्यापीठाच्या विद्यार्थी साहाय्य कक्षात फोन लावला. तिथल्या बाईंनी नाव शोधलं, थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘तुमचा विलंबमाफीचा अर्ज नामंजूर झाला आहे.’ मी असा कुठलाही अर्ज केलेला नव्हता. त्यांनी प्रत पाठवली. ३ नोव्हेंबरची तारीख, एक पानी इंग्रजी मजकूर. त्याचा अर्थ असा, की घरगुती अडचणींमुळे मी नावबदलाची कागदपत्रं वेळेत देऊ शकले नाही, या हलगर्जीपणाबद्दल क्षमस्व, तरी प्रवेश कायम करावा. खाली माझी सही.

सही माझीच आहे. जूनमध्ये अर्ज भरताना पांढऱ्या कागदावर करून, फोटो काढून तुम्हाला पाठवली होती, तीच. कापून चिकटवलेली आहे हे कुणालाही दिसेल, कारण सहीच्या भोवती माझ्या कागदाचा करडा चौकोन तसाच आला आहे. कळस म्हणजे अर्जाच्या डोक्यावर माझं माहेरचं नाव आणि खाली सही सासरच्या नावाची. ज्या नावाच्या घोळासाठी माफी मागायची, तोच घोळ माफीच्या अर्जात! विद्यापीठाने तो नामंजूर केला यात मला त्यांची चूक दिसत नाही. मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं.

मी गेली अकरा वर्षं एका यंत्रमाग कारखान्यात हिशेब बघते. माझ्या आधी तिथे दिवाणजी होते, त्यांच्याकडून रोजकीर्द आणि खतावणी शिकले. त्यांचं एक सांगणं होतं : पैसे चुकले तर शोधता येतात, पण एकाची उचल दुसऱ्याच्या नावे पडली की माणसं तुटतात. तुम्ही तेच केलंत. तुमच्या कामातली दिरंगाई उचलून माझ्या नावे टाकलीत, आणि तीही माझ्याच सहीने.

आता ती कागदपत्रं मी वेळेत दिली नव्हती का, ते पाहू.

माझी दोन नावं आहेत. बारावीच्या गुणपत्रिकेवर आधी माहेरचं आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं, आणि वेगळ्या ओळीत आईचं. आधारवर सगळं सासरचं. नुसतं आडनाव बदललं असतं तर निदान पहिलं नाव तरी जुळलं असतं. पण आमच्या लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं आणि घरच्यांनी हौसेने तेच रेशनकार्डावर चढवलं. तिथून ते बँकेत, पॅनवर, आधारवर गेलं. २००८ साली सगळ्यांनी कौतुक केलं होतं. सतरा वर्षांनी संगणकापुढे मी दोन अनोळखी बायका झाले.

हे अडणार याची मला पहिल्या दिवसापासून कल्पना होती, कारण बँकेत एकदा याच कारणाने माझं खातं अडलं होतं. तेव्हा मी रीतसर राजपत्रात नावबदल छापून घेतला. विवाह नोंदणीचा दाखला आहेच, पण तो नगरपरिषदेच्या काळातला (आता तिथे महानगरपालिका आहे), आणि त्यावर फक्त माहेरचं नाव आहे. माझ्या दोन नावांना जोडणारा एकच कागद म्हणजे महाराष्ट्र शासनाचं राजपत्र. ते पान मी १२ जूनला दुपारी तुमच्या काउन्सेलरला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं : ‘मॅम ये नहीं लगेगा, हम देख लेंगे.’ तो संवाद सोबत जोडला आहे. मी मराठीत विचारायचे, उत्तर हिंदीत यायचं, अर्ज इंग्रजीत होता. त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण ‘लगेगा’ आणि ‘नहीं लगेगा’ यातला फरक मला कळतो.

तो कागद लागणारच होता. दूरस्थ आणि ऑनलाइन पदवीला प्रवेश घेताना २०२४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोचा आयडी काढावा लागतो. त्याला तुमची मुलं ‘डेब आयडी’ म्हणतात. तो एबीसी (अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे श्रेयांकांची बँक) आयडीवरून निघतो, एबीसी आयडी डिजिलॉकरमधून, आणि डिजिलॉकरमध्ये नाव येतं आधारचं. म्हणजे अर्जाच्या मुळाशी सासरचं नाव आणि जोडलेली गुणपत्रिका माहेरची. हे मला आज कळतं. तुम्ही तर रोज हेच काम करता. लग्न झालेल्या बायका तुमच्याकडे पहिल्यांदाच आल्या का?

माझीही एक चूक आहे आणि ती मी लपवत नाही. डेब आयडी काढायच्या वेळी तुमच्या काउन्सेलरने फोनवर ओटीपी मागितला आणि मी दिला. कारखान्यात कुणी दिला असता तर मी त्याला फैलावर घेतलं असतं. पण एकीकडे सूत उतरवायचं चाललं होतं, दुसरीकडे हा घाई करत होता, ‘मॅम, आज लास्ट डेट है’. ती शेवटची तारीख नव्हती, हे नंतर कळलं. तर ओटीपी माझ्या नावे लिहा. तेवढंच.

पुढचं सगळं तुमच्या नावे आहे. अर्जात ईमेल म्हणून तुम्ही स्वतः उघडलेला पत्ता टाकलात, मोबाइल नंबरही तुमचाच. त्यामुळे ‘नाव जुळत नाही, नावबदलाचा पुरावा सात दिवसांत द्या’ ही विद्यापीठाची पहिली नोटीस ऑगस्टमध्ये आली ती तुमच्याकडे. दुसरी सप्टेंबरमध्ये, तीही तुमच्याकडे. मला त्यांचा पत्ता नाही. मी दर आठवड्याला ‘लॉगिन कधी येणार, पुस्तकं कधी येणार’ विचारत होते आणि मला ‘प्रोसेसमध्ये आहे’ ऐकवलं जात होतं. राजपत्राचं पान तुमच्याच फोनमध्ये पडून होतं. मुदत संपली. मग कुणाला तरी जाग आली आणि ३ नोव्हेंबरला माझ्या नावाने माफीनामा तयार झाला.

थोडं मागे जाते, कारण मला मुळात भूल कशी पाडली हेही नोंदवायला हवं. लग्नाआधी मी शिवाजी विद्यापीठाची बी.कॉम.ची दोन वर्षं केली होती. तिसरं राहिलं. ९ जूनच्या पहिल्याच फोनवर तुमचा माणूस म्हणाला, जुनी दोन वर्षं ‘एबीसीत ट्रान्सफर’ करून थेट तिसऱ्या वर्षाला बसवतो. मी दोन रात्री झोपले नाही. एबीसीची नियमावली जुलै २०२१ मध्ये आली. त्यात श्रेयांक जमा होतात ते त्यानंतर शिकलेल्या अभ्यासक्रमांचे, आणि तेही जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. माझी दोन वर्षं २००८ साली संपली. ती कुठल्याही बँकेत जमा होणार नव्हती. पैसे भरून झाल्यावर मात्र ‘पहिल्या वर्षापासूनच करावं लागेल मॅम, पण सोपं असतं’ असं सांगण्यात आलं. मी तेही मान्य केलं. शिकायचंच होतं.

आता पैसे. ११ जूनला ₹५,००० यूपीआयने तुमच्या कंपनीच्या खात्यात गेले. उरलेले ₹३३,६०० तुमच्या ओळखीच्या वित्त कंपनीचं कर्ज, महिना ₹२,८०० प्रमाणे बारा हप्ते. जुलैपासून डिसेंबरपर्यंत सहा हप्ते कापले गेले, म्हणजे ₹१६,८००. माझ्या खिशातून आजवर गेले एकूण ₹२१,८००. एकही महिना हप्ता चुकला नाही, हेही लिहून ठेवा, कारण उद्या सिबिलचा प्रश्न निघेल.

विद्यापीठाच्या कक्षात मी विचारलं, माझी फी किती जमा आहे? उत्तर : काहीच नाही. प्रवेश पक्का न झाल्याने माझ्या नावावर त्यांच्याकडे एक रुपयाही आलेला नाही. पहिल्या वर्षाची त्यांची फी ₹२४,००० आहे असंही कळलं. तुम्ही घेतले ₹३८,६००. मधल्या ₹१४,६०० ची पावती मला कधी मिळाली नाही, आणि आता तर ते ₹२४,०००ही तुमच्याकडेच आहेत. आयोगाच्या २०२० च्या विनियमांत ऑनलाइन आणि दूरस्थ अभ्यासक्रमांना फ्रँचायझीची परवानगी नाही, आणि जानेवारी २०२२ मध्ये आयोगाने एडटेक (ऑनलाइन शिक्षणाच्या) कंपन्यांच्या बाबतीत हेच पुन्हा बजावलं होतं. मग विद्यापीठाची फी तुमच्या खात्यात कुठल्या नात्याने पडून आहे, हे मला लेखी कळवा.

परताव्याबद्दल तुमचा माणूस सांगतो, ‘सात दिवसांत कॅन्सल केलं नाही तर पॉलिसीप्रमाणे रिफंड नाही.’ ही पॉलिसी कुणाची? विद्यापीठ अनुदान आयोगाची ऑक्टोबर २०१८ ची अधिसूचना मी वाचली. तिथे परताव्याचे टप्पे प्रवेशाच्या जाहीर झालेल्या अंतिम तारखेपासून मोजतात : पंधरा दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलं तर पूर्ण फी, त्यानंतर ९०, ८०, ५० टक्के असं उतरत शून्य. पैसे भरल्याच्या दिवसापासून सात दिवस, असं तिथे कुठेच नाही. आणि हे टप्पे तरी घेतलेला प्रवेश सोडणाऱ्यांसाठी आहेत. माझा प्रवेश झालाच नाही. जे झालंच नाही ते मी सात दिवसांत रद्द कसं करायचं होतं?

फोनवर एकाने असंही सुनावलं की शिक्षण ग्राहक कायद्यात येत नाही, कोर्टात जाऊन काही होणार नाही. विद्यापीठांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने तसं म्हटलं आहे हे मला आमच्या वकिलांनी सांगितलं. पण तुम्ही विद्यापीठ नाही. तुम्ही शिकवत नाही, परीक्षा घेत नाही, पदवी देत नाही. पैसे घेऊन अर्ज भरून देण्याची सेवा विकता. आमच्या बाजारात सुताच्या दलालालाही आपण गिरणी नाही एवढं ठाऊक असतं.

माझ्या मागण्या तीन आहेत आणि त्यांचा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. पहिली, विद्यापीठाच्या कुलसचिवांना तुमच्या लेटरहेडवर पत्र : ३ नोव्हेंबरचा अर्ज आम्ही तयार केला, तो अर्जदाराने पाहिला नव्हता, तिने राजपत्र १२ जूनलाच आम्हाला दिलं होतं, सही तिच्या परवानगीशिवाय वापरली. त्याची प्रत मला. मी जानेवारीच्या सत्रासाठी स्वतः, थेट विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून अर्ज करणार आहे, आणि माझ्या नोंदीत ‘हलगर्जीपणा’ हा शब्द नको. दुसरी, कर्जाची उरलेली सगळी रक्कम वित्त कंपनीला परत करून कर्ज बंद केल्याचा दाखला मला द्यायचा, आणि माझे ₹२१,८०० माझ्या खात्यात. तिसरी, तुम्ही माझ्या नावाने उघडलेल्या ईमेलचा ताबा मला द्यायचा, आणि माझी सही, आधार, राजपत्र तुमच्या सगळ्या फोन-संगणकांतून काढल्याचं लिहून द्यायचं. त्या ईमेलमधलं काहीही पुसू नका. दोन्ही नोटिसा त्यात आहेत.

ई-कॉमर्स नियमांप्रमाणे या पत्राची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. म्हणून ९ जानेवारीपर्यंत थांबते. विद्यापीठाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे मी वेगळं लिहिलं आहेच. २०२३ च्या नियमांत ‘विद्यार्थी’ म्हणजे प्रवेश मिळालेलाच नव्हे, प्रवेश मागणाराही येतो. तुमच्यापुरतं सांगायचं तर १० जानेवारीला शनिवार आहे, म्हणून सोमवारी १२ तारखेला कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करेन. मी जिथे राहते तिथे ती करता येते, आणि पाच लाखांच्या आतल्या दाव्याला फी नाही. सहीच्या बाबतीत पोलीस ठाण्यात काय द्यायचं ते वकील बघतील.

सोबत राजपत्राचं पान, १२ जूनचा व्हॉट्सअ‍ॅप संवाद, यूपीआयची पावती, सहा हप्त्यांच्या नोंदी असलेला बँकेचा उतारा आणि ३ नोव्हेंबरच्या अर्जाची प्रत जोडली आहे. त्या प्रतीवर सहीभोवतीच्या करड्या चौकोनाला मी लाल पेनाने गोल केला आहे.

आपली ग्राहक,
(सही)

ता. क. : ही सही निळ्या बॉलपेनची आहे, आणि कागदाच्या मागच्या बाजूला तिचा ठसा उमटला आहे. बोट फिरवून बघा.