मोतीबिंदूची लेन्स ठरवताना दराआधी रुग्णाचे काम विचारा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

कापसाची वेचणी उरकत आली आणि थंडी पडू लागली की आपल्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत मोतीबिंदूच्या ऑपरेशनांची गर्दी सुरू होते. उन्हाळ्यात डोळा चिघळतो या जुन्या समजुतीमुळे माणसे थंडीची वाट पाहत थांबतात. वास्तविक आजची शस्त्रक्रिया इतक्या लहान छेदातून होते की बहुतेकांना टाका लागतच नाही आणि ऋतूचा तिच्याशी फारसा संबंध उरलेला नाही. पण या पत्राचा विषय तो नाही. ऑपरेशन केव्हा करायचे यावर घरात महिनोन्‌महिने चर्चा होते, मात्र जी लेन्स पुढे जन्मभर डोळ्यात राहणार आहे तिचा निर्णय बऱ्याच ठिकाणी आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी, बाहुली मोठी करण्याचे थेंब घातलेले असताना, दरपत्रकावर बोट ठेवून घेतला जातो. त्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते.

या दरपत्रकावर लेन्स किमतीच्या चढत्या क्रमाने लिहिलेल्या असतात: आधी देशी, मग परदेशी, मग ‘चष्मा लागणार नाही’ अशी, आणि सर्वांत खाली एका डोळ्याला लाखाच्या घरात जाणारी. सुरतेहून किंवा पुण्याहून रजा काढून आलेला मुलगा वडिलांसाठी खालची ओळ निवडतो, कारण बापाच्या डोळ्यांवर पैसा वाचवला असे भाऊबंदांनी म्हणू नये; आणि ज्याची ऐपत नाही तो वरची ओळ मान खाली घालून निवडतो, जणू त्याच्या वाट्याला कमी प्रतीची नजर येणार आहे. दोघांचीही समजूत चुकीची आहे, आणि ती दूर करण्याचे काम काउंटरवरच्या कर्मचाऱ्याचे नसून तपासणाऱ्या डॉक्टरांचे आहे.

साधी, म्हणजे मोनोफोकल लेन्स एका ठरावीक अंतरावर नजर स्वच्छ करते. लंडनच्या डॉ. हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये अशी पहिली लेन्स बसवली. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या काचेचे, म्हणजे ॲक्रिलिक प्लास्टिकचे, कण वैमानिकांच्या डोळ्यांत रुतूनही डोळा त्यांना फारसा विरोध करत नाही, या निरीक्षणातून त्यांना ती कल्पना सुचली होती. आपल्याकडे ही सोय गावोगावी पोहोचायला पुढे बरीच वर्षे लागली. आमच्या तरुणपणी शिबिरातून मोतीबिंदू काढून आलेल्या माणसांच्या नाकावर दहाच्या आसपास नंबरचा, सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा असे, आणि तो पडून फुटला की माणूस पुन्हा आंधळा होई. त्या तुलनेत साधी लेन्सही फार मोठी देणगी आहे. तिच्यातून येणारा सगळा प्रकाश एकाच अंतराच्या प्रतिमेसाठी वापरला जातो, म्हणून चित्र ठळक दिसते आणि अंधुक उजेडातही त्याचा ठळकपणा टिकतो. वाचायला चष्मा लागतो, एवढीच तिची उणीव.

पण ते ठरावीक अंतर कोणते असावे, हा प्रश्न अनेक रुग्णांना कोणी विचारतच नाही. बहुतेकांना दूरचे स्वच्छ दिसेल अशी लेन्स बसवली जाते आणि बहुतेकांसाठी ते योग्यही असते. मात्र ज्यांना तरुणपणापासून दूरचा, म्हणजे मायनसचा चष्मा आहे, त्यांना चष्मा काढून पोथी वाचायची, सुईत दोरा ओवायची, धान्य निवडायची सवय असते. अशा बाईला ऑपरेशननंतर रस्त्यावरची एसटीची पाटी वाचता येते, पण हातातला तांदूळ दिसत नाही, आणि ऑपरेशन उत्तम होऊनही ती म्हणते की माझा डोळा बिघडवला. तिला मुद्दाम दोन-अडीच नंबरचा मायनस ठेवून जवळचे स्वच्छ देता आले असते, दूरसाठी तिचा नेहमीचा चष्मा होताच. काहींना एक डोळा दूरसाठी आणि दुसरा जवळसाठी ठेवलेला चालतो. ते मानवते का, हे कधीकधी आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून पाहता येते. या साऱ्याला जादा पैसे लागत नाहीत, लागते ती दहा मिनिटांची विचारपूस.

मल्टिफोकल किंवा ट्रायफोकल लेन्स आत येणारा प्रकाश वाटून दूर, मध्य आणि जवळ अशा अंतरांवर टाकते. वाटणी झाली की प्रत्येकाच्या वाट्याला थोडे कमी येणारच, त्यामुळे मंद उजेडात बारीक फरक कमी जाणवतात आणि रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात. मेंदू काही महिन्यांत त्यांना सरावतो असे डॉक्टर सांगतात आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरे ठरते. काहींना मात्र ती वलये कायम खुपतात. नको असलेली लेन्स काढून दुसरी बसवता येते, परंतु ते पहिल्या ऑपरेशनइतके सोपे नसते, आणि मधल्या काळात लेन्समागील पातळ आवरणावर जाळी आली म्हणून लेझरने ते आवरण उघडले असेल तर जोखीम आणखी वाढते. शिवाय मधुमेहाने डोळ्याचा पडदा खराब झालेला असेल, पडद्याचा मध्यबिंदू झिजलेला असेल किंवा काचबिंदू पुढे गेलेला असेल, तर मुळात कमी झालेल्या नजरेची अशी वाटणी करणे सहसा हिताचे नसते. आपल्या भागात मधुमेहाचे रुग्ण किती वाढले आहेत हे मी सांगायला नको.

रावेर तालुक्यातील माझ्या नात्यातल्या एका केळी उत्पादकाचे उदाहरण यासाठी देतो. शेतीपंपाला वीज कित्येकदा रात्रीच मिळते, म्हणून ते रात्री मोटारसायकलवरून मळ्यात जातात. केळीची गाडी भरायची असेल तेव्हाही पहाटेच्या अंधारात निघावे लागते. मुलांनी हौसेने त्यांच्या दोन्ही डोळ्यांत महागडी लेन्स टाकली. दिवसा वर्तमानपत्र चष्म्याविना वाचतात, त्याचा त्यांना आनंदही आहे, पण समोरून ट्रकचे दिवे आले की वलयांच्या पलीकडचा रस्ता त्यांना उमजत नाही आणि आता रात्री बरोबर माणूस न्यावा लागतो. रात्री गाडी चालवता का, एवढे कोणी विचारले असते तर पुरेसे होते. उलट जळगावच्या फुले मार्केटमधील कापड दुकानदाराला, ज्याची नजर दिवसभर गिऱ्हाईक, गज आणि बिलबुक यांच्यामध्ये फिरते आणि जो दिवेलागणीनंतर वाहन हाती घेत नाही, त्याचा पडदा निरोगी असेल तर हीच लेन्स फार सोयीची ठरेल. म्हणजे लेन्स वाईट नाही. दूर आणि हातभर अंतरावरचे स्पष्ट दाखवणारी, बारीक अक्षरासाठी मात्र हलका चष्मा लागू शकणारी मधली जातही आता मिळते, आणि तिच्यात वलयांचा त्रास साधारणपणे कमी असतो.

टोरिक लेन्सविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. सिलिंडरचा, म्हणजे तिरका नंबर दीड-दोनच्या पुढे असेल तर साध्या लेन्सनंतरही दूरचे धूसर राहते आणि चष्मा सुटत नाही. टोरिक लेन्स तो दोष डोळ्यातच भरून काढते आणि त्यासाठी प्रकाशाची वाटणी करत नाही. हाती थोडे जादा पैसे असतील आणि तिरका नंबर खरोखर असेल, तर ते इथे खर्चावेत असे मला वाटते. अट एवढीच की ती ठरलेल्या अक्षावरच बसली पाहिजे, कारण दहा अंशांनी फिरली तरी तिचा सुमारे एक तृतीयांश परिणाम जातो.

कोणतीही लेन्स घेतली तरी तिचा नंबर डोळ्याच्या मापावरून काढतात, आणि डोळ्याच्या लांबीत एक मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याचा नंबर सुमारे अडीच-तीनने चुकू शकतो. इथे आपली ‘मोतीबिंदू पिकू द्या’ ही सवय आडवी येते. प्रकाशाने माप घेणारे यंत्र अधिक अचूक असते, पण पांढऱ्याफटक झालेल्या मोतीबिंदूतून ते कित्येकदा पाहू शकत नाही आणि मग ध्वनिलहरींच्या यंत्रावर विसंबावे लागते. उन्हातान्हात, धुळीत काम करणाऱ्यांच्या डोळ्यांच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणारा मांसाचा पापुद्राही मापाला दगा देतो. तो मोठा असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करून मग माप घेणे शहाणपणाचे असते. पूर्वी लेझरने चष्मा घालवलेला असेल, तर तेही डॉक्टरांना आठवणीने सांगितले पाहिजे, कारण त्यामुळे नेहमीचे गणित चुकते.

खर्चाबद्दल थोडक्यात. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि त्यातून जिल्हा रुग्णालयांत व संस्थांच्या शिबिरांत लेन्ससह शस्त्रक्रिया मोफत होते. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यावरच्या माणसाने तिथे मिळणारी साधी लेन्स निःशंक मनाने घ्यावी. मेडिक्लेम असणाऱ्यांनी पॉलिसी आधी वाचावी, कारण अनेक पॉलिसींत मोतीबिंदूसाठी रकमेची मर्यादा आणि प्रतीक्षाकाळ असतो, आणि महागड्या लेन्सचा फरक खिशातून भरावा लागतो.

खानदेशातील नेत्र रुग्णालयांना माझी विनंती अशी की लेन्सचा निर्णय ऑपरेशनच्या निदान आठवडाभर आधी व्हावा, आणि त्यासाठी रुग्णाच्या हाती मराठीतला एक साधा कागद द्यावा. त्यावर दराच्या आधी रुग्णाचे काम, रात्रीचे वाहन, वाचनाची सवय, मधुमेह व पडद्याची स्थिती यांची नोंद असावी आणि कोणती लेन्स का सुचवली, याचे कारण डॉक्टरांच्या सहीने दोन ओळींत लिहिलेले असावे. दुसऱ्या डोळ्याचे पॅकेज पहिल्याबरोबरच विकण्याची घाई करू नये. पहिल्या डोळ्याने काही आठवडे पाहिल्यावर रुग्ण स्वतःच पुष्कळ काही सांगू शकतो. आणि लेन्सचे नाव, नंबर व क्रमांक असलेले स्टिकर फाइलमध्ये न ठेवता रुग्णाच्या कार्डावर चिकटवून द्यावे, म्हणजे पुढे दुसऱ्या गावी दाखवण्याची वेळ आली तर तिथल्या डॉक्टरांना अंदाज बांधत बसावे लागणार नाही.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
चोपडा, जि. जळगाव