लोकअदालतीत एक टेबल गावच्या भांडणांसाठी ठेवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय लोकअदालत झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपल्या जिल्ह्याच्या पानावर बातमी येते. इतकी हजार प्रकरणं निकाली, इतके कोटी वसूल. बातमी खरीच असते. पण मी दिवाणी न्यायालयात बेलीफ, म्हणजे समन्स-वॉरंट बजावणारा कर्मचारी, होतो. लोकअदालतीच्या दिवशी टेबलं मांडण्यापासून नावं पुकारण्यापर्यंत सगळं आमच्याच गळ्यात असायचं, म्हणून त्या आकड्याच्या पोटात काय असतं ते मला ठाऊक आहे. त्यात दाखलपूर्व, म्हणजे अजून दावाच दाखल न झालेल्या, प्रकरणांचाच ढीग मोठा असतो. बँकेचं थकीत कर्ज, ग्रामपंचायतीची घरपट्टी-पाणीपट्टी, फोनचं बिल, वाहतुकीचं चलान. नोटीस हातात धरून माणूस येतो, व्याजात किती सूट देता म्हणून विचारतो. बँकेचे साहेब वरून मंजूर झालेला आकडा सांगतात, सही होते आणि एक प्रकरण निकाली निघतं. यात वाईट काही नाही, गरिबाचं व्याज सुटतं. पण याला वसुली म्हणावं, भांडण मिटलं असं म्हणू नये.

भांडण काय असतं ते समन्स घेऊन वस्तीवर गेल्यावर कळतं. प्रतिवादी सख्खा भाऊ असतो. घरात असूनही तो घरात नसतो; पुतण्या दारात उभा राहून "काका इथं राहत नाहीत" म्हणतो आणि काकांची चप्पल उंबऱ्याशी दिसत असते. मग दारावर समन्स चिकटवायचं आणि पंचनामा करायचा. पुढं कैफियत (प्रतिवादीचं लेखी म्हणणं), मुदतीचे अर्ज, मोजणी, अपील. वर्षानुवर्षांनी निकालाच्या अंमलबजावणीची दरखास्त निघते आणि त्याच शिवारात कब्जा वॉरंट घेऊन पोलीस बंदोबस्तात जायची पाळी येते, तोवर मूळ वादी आणि प्रतिवादी दोघंही गेलेले असतात. ज्यांनी बांध कधी कोरला नाही त्यांची पोरं एकमेकांच्या अंगावर धावून जातात.

तडजोडीची सोय कायद्यात नाही असं नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ८९ आलं आणि १ जुलै २००२ पासून ते लागू झालं. दाव्यात समेटाला वाव दिसला तर न्यायाधीशांनी तो मध्यस्थीला किंवा लोकअदालतीला पाठवायचा. आमच्याकडे साहेब विचारायचे, "मध्यस्थीला पाठवू का?" दोन्ही वकील चटकन "पाठवा" म्हणायचे. समेटाची आस असायची असं नाही, एक तारीख निघून जायची. अर्थात मन लावून बसणारे वकीलही मी पाहिले. मध्यस्थीचं चाळीस तासांचं प्रशिक्षण घेतलेला माणूस आणि नुसता "मिटवा की" म्हणणारा माणूस यांत फरक असतो, आणि तो खोलीबाहेर बसलेल्या बेलीफालाही दिसतो.

निवृत्तीनंतर गावानं मला तंटामुक्ती समितीत घेतलं. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली, आर. आर. आबा तेव्हा गृहमंत्री होते. सुरुवातीला बक्षिसांसाठी का होईना, गावोगावी उत्साह होता. आता बऱ्याच ठिकाणी समिती म्हणजे भिंतीवरचा फलक. आमची बसते, एवढं सांगतो.

समितीपुढं आलेलं एक प्रकरण मुद्दाम मांडतो. त्यावर सध्या दावा चालू आहे, म्हणून गाव आणि नावं लिहीत नाही. दोन भावांची सामाईक विहीर, वीजजोडणी थोरल्याच्या नावावर. वडिलांनी पाळी लावून दिलेली, सोमवार ते रविवार एक आठवडा थोरल्याचा, पुढचा धाकट्याचा. धाकटा म्हणायचा, माझ्यावर अन्याय होतो. थोरला म्हणायचा, वडिलांनी लावलेली पाळी मी एक तास मोडलेली नाही. पहिली बैठक कोणी कोणाला काय शिवी दिली यातच संपली. दुसऱ्या बैठकीला धाकट्याची बायको दाराशी उभी होती. ती म्हणाली, "आमच्या वाट्याला दिवसाची लाइट येतच नाही. कांद्याला दारं धरायला हे रोज रात्री, विंचूकाट्यात." सगळे गप्प झाले. सरपंचांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. शेतीपंपाला आमच्या फीडरवर वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री मिळते, बदल सोमवारी होतो. पाळीही आठवड्याचीच आणि तीही सोमवारीच बदलणारी. त्यामुळं दिवसाची वीज दर वेळी थोरल्याच्या आठवड्यात आणि रात्रीची धाकट्याच्या. थोरल्यानं पाळी मोडली नव्हती हे खरं, आणि धाकट्यावर अन्याय होत होता हेही खरं.

तोडगा साधा निघाला. पाळी सोमवारऐवजी गुरुवारी दुपारी बारा वाजता बदलायची. म्हणजे प्रत्येकाच्या आठवड्यात अर्धे दिवस दिवसाची वीज येते, अर्धे दिवस रात्रीची. बिल निम्मं-निम्मं, धाकट्यानं भरलेल्या पैशाची थोरल्यानं पावती द्यायची. हे भांडण आधीच थेट न्यायालयात गेलं असतं तर कैफियतीत महावितरणचं वेळापत्रक कोणी लिहिलंच नसतं. लिहिलं नाही ते साहेबांना दिसणार कसं?

शंभराच्या स्टॅम्पवर तडजोडनामा लिहिला. दोघांच्या सह्या झाल्या, सरपंच आणि पोलीस पाटील साक्षीला, नोंदवहीत नोंद. काही हंगाम सुरळीत गेले. मग थोरल्याचा कारभार मुलाकडं आला आणि त्यानं स्टार्टरच्या पेटीला कुलूप घातलं. धाकटा तडजोडनामा घेऊन ठाण्यात गेला, तिथं "दिवाणी बाब आहे" म्हणून परत पाठवला. वकिलाकडं गेला तर ते म्हणाले, हा करार आहे, हुकूमनामा म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे. नव्यानं दावा लावा, मनाई मागा. त्यांचं कायद्यानं बरोबरच आहे. पण ज्या वाटेवर पाऊल टाकायचं नाही म्हणून गाव दोन रात्री बसलं, तो माणूस शेवटी त्याच वाटेला लागला.

हाच कागद लोकअदालतीतून गेला असता तर? विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, अंमल १९९५ पासून. त्याच्या कलम २१ प्रमाणे लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा मानला जातो आणि त्यावर अपील नाही. दावा दाखल झालेला नसला तरी प्रकरण तिथं ठेवता येतं. बँका आणि ग्रामपंचायती तेच तर करतात! कुलूप लागल्यावर धाकट्यानं नवा दावा लावला नसता, सरळ दरखास्त दिली असती आणि माझ्या जागेवर आलेला बेलीफ पेटी उघडायला गेला असता.

कोणी म्हणेल, आता २०२३ चा मध्यस्थी कायदा आला आहे, त्यात सामुदायिक मध्यस्थीचं वेगळं प्रकरण आहे. आहे. तीन मध्यस्थांचं पॅनेल, दोन्ही बाजूंची संमती, लेखी समेट. पण त्याच प्रकरणात लिहून ठेवलंय की असा समेट हुकूमनाम्याप्रमाणे अंमलात आणता येणार नाही. शिवाय ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या कायद्याची मोजकीच कलमं लागू झाली. २०२५ मध्ये जुलै ते सप्टेंबर मध्यस्थीची देशभर नव्वद दिवसांची मोहीम झाली, तीही न्यायालयात पडून असलेल्या प्रकरणांसाठी. न्यायालयात अजून न गेलेलं भांडण तिच्या हिशेबात नव्हतं.

कायदा करणाऱ्यांनी गावच्या समेटाबाबत हात आखडता घेतला, त्याचं कारण मला समजतं. पंच बसले की न्याय होतोच असं नाही. जातपंचायतींनी माणसं वाळीत टाकली, म्हणून तर आपल्या राज्याला २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा करावा लागला. आणि भावाभावांच्या वाटपाचा समेट म्हणून जे कागद येतात, त्यांत बहिणीची सही कशी घेतलेली असते हे तर विचारूच नका. एका लोकअदालतीत मी पुकारा करत होतो. पॅनेलवरच्या निवृत्त न्यायाधीशांनी भावांना बाहेर थांबायला सांगितलं आणि बहिणीला एकटीला विचारलं, "बाई, २००५ पासून मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, माहीत आहे ना?" तिला माहीत नव्हतं. त्या दिवशी तिनं सही केली नाही. भाऊ माझ्यावरच चिडले, जणू मीच शिकवून आणली होती.

म्हणूनच गावचा समेट परस्पर पक्का मानावा असं मी म्हणत नाही. तो लोकअदालतीच्या पॅनेलपुढं जावा. कोणाचा दबाव आहे का, हे तिथं प्रत्येकाला वेगळं बोलावून विचारता येतं. दबाव असेल तर समेट तिथंच थांबेल, नसेल तर त्याला हुकूमनाम्याचं बळ येईल.

लोकअदालत भरवणाऱ्या तालुका विधी सेवा समितीला यासाठी नवा कायदा लागत नाही. पुढच्या लोकअदालतीला बँकेच्या टेबलाशेजारी एक टेबल तंटामुक्ती समित्यांच्या समेटांसाठी ठेवावं. महिनाभर आधी तसं ग्रामपंचायतींना कळवावं. त्या टेबलावर तलाठ्यांना, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांना, बसवावं. एकमेकांची जमीन बारा वर्षांहून जास्त काळ एकमेकांच्या ताब्यात असेल, तर सलोखा योजनेत हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि हजार रुपये नोंदणी फी भरून अदलाबदल होते, हे त्यांनी तिथंच सांगावं. आमच्या भागात ही योजना अजून निम्म्या शेतकऱ्यांच्या कानावरही नाही.

आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती. लोकअदालतीचा आकडा छापताना एवढं विचारून घ्या: त्यात बांध, वाट, पाणी आणि वाटपाची प्रकरणं किती होती, आणि मागच्या वर्षीच्या समेटांपैकी किती पुन्हा दरखास्तीला आले? नोंदी न्यायालयात असतात. तिथलं कार्यालय सांभाळणारे नाझर लगेच देणार नाहीत, पण लेखी मागितल्या तर मिळतात.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बेलीफ, जि. सातारा