अधिसभाच नसेल तर देखरेख कोणाची?

‘विद्यापीठांवर अंकुश कोणाचा?’ हा अग्रलेख वाचला. कुलगुरू निवडीत राज्यपालांचा शब्द अंतिम असावा की सरकारचा, या वादाभोवतीच तो फिरतो. २०२१च्या डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा दुरुस्त करून उच्च शिक्षणमंत्र्यांना प्र-कुलपती (कुलपती असलेल्या राज्यपालांच्या खालोखालचे पद) करायचे ठरवले, पुढे सत्ता बदलली आणि तो बेत बारगळला. या रस्सीखेचीत अधिसभेची, म्हणजे विद्यापीठाच्या सिनेटची, आठवण मात्र कोणालाच होत नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठाच्या कारभाराला जाहीर प्रश्न विचारण्याची जागा म्हणजे अधिसभा. तिच्यात नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून येतात. मुंबई विद्यापीठात या दहा जागांची निवडणूक ऑगस्ट २०२३ मध्ये ऐन वेळी स्थगित झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये मतदान दोन दिवसांवर आले असताना सरकारच्या पत्रानंतर ती पुन्हा थांबवली गेली. अखेर उच्च न्यायालयाने फटकारल्यावर २४ सप्टेंबरला मतदान झाले. मतदारयादीत त्रुटी असतील, पण त्या दुरुस्त करायला वर्ष पुरले नाही, हे पटणे कठीण. दहाही जागा कोणी जिंकल्या, हा इथे मुद्दा नाही.

अधिसभेची मुदत संपण्यापूर्वीच निवडणूक घेणे विद्यापीठावर बंधनकारक करणारी आणि मतदारयादीवरील हरकतींना कालमर्यादा घालणारी दुरुस्ती सरकारने आधी आणावी. प्र-कुलपतिपदाचे पुढे पाहता येईल.

— एक पदवीधर मतदार, मुंबई