नियम कळला की भीती वाढते

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत जपानी ‘मांगा’वर, म्हणजे तिथल्या चित्रकथांवर, आलेला लेख आवडीनं वाचला. मराठी वर्तमानपत्रानं या विषयाला एवढी जागा द्यावी, याचा मनापासून आनंद झाला. मात्र त्यातलं एक विधान मला पटलं नाही आणि ते इतकं सहज मान्य होण्यासारखं आहे की त्यावर लिहिल्यावाचून राहवेना. लेखकाचं म्हणणं असं की, खलनायकाची अतिमानवी शक्ती गूढ असते तोवरच तिची भीती वाटते. ती काय आहे हे एकदा उलगडलं की भीती संपते. वाड्यातल्या भुताच्या गोष्टीला हे लागू पडत असेल. मांगाच्या बाबतीत मला नेमकं उलटं दिसतं. तिथल्या सर्वांत भयंकर शक्तींचे नियम वाचकाला स्वच्छ सांगितलेले असतात, आणि नियम कळल्यानंतरच खरी भीती सुरू होते.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या सरावाच्या वह्यांची मागची पानं मी आवर्जून उघडून बघतो. स्मरणचित्रात बाजार आणि बसस्टँड काढताना कंटाळणारी मुलं मागच्या पानावर तासन् तास खलनायक काढत बसतात. त्यांच्या नादानंच मी मांगा वाचू लागलो आणि आता त्यांच्याइतकाच गंभीरपणे वाचतो.

सर्वांना माहीत असलेलं उदाहरण आधी घेतो. त्सुगुमी ओबा आणि ताकेशी ओबाता यांची ‘डेथ नोट’ 2003 ते 2006 या काळात ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात आली. वहीत ज्याचं नाव लिहाल तो मरतो. लिहिणाऱ्याला त्या माणसाचा चेहरा ठाऊक हवा. मृत्यूचं कारण लिहिलं नाही तर 40 सेकंदांनी हृदयक्रिया बंद पडते. हे नियम तर प्रकरणांच्या मधे वेगळ्या पानांवर छापलेलेच आहेत. लपवाछपवी काहीच नाही. आता नाओमी मिसोराचा प्रसंग आठवा. ही बाई पूर्वी एफबीआयमध्ये होती, हुशार आहे, सावध आहे. तिनं आधी खोटं नाव सांगितलेलं असतं, म्हणून तिचा जीव वाचतो. वही ज्याच्या हाती आहे तो लाइट यागामी तिच्याशी आदरानं बोलतो, हळूहळू तिचा विश्वास मिळवतो, आणि अखेर ती आपला वाहन परवाना त्याच्या हातात देते. त्या चौकटीत ना रक्त आहे ना राक्षस. एक बाई ओळखपत्र दाखवते आहे, एवढंच. तरी पान उलटायला हात धजावत नाही, कारण नियम आपल्याला पाठ आहे. नियम माहीत नसता तर तो रस्त्यावरचा साधा संवाद ठरला असता.

हिरोहिको अराकी यांच्या ‘जोजोज बिझार ॲडव्हेंचर’मधला डिओ हा खलनायक मुलांचा फार लाडका. कैरोतल्या त्याच्या वाड्यात त्याच्याशी लढायला आलेला पोलनारेफ जिन्याच्या पायऱ्या चढतो आणि बघतो तर तो पुन्हा खाली उभा. चढलेलं त्याला स्पष्ट आठवतं, उतरलेलं मात्र आठवत नाही. लेखकानं याच प्रसंगाचा दाखला दिला आहे. पण तिथे वाचक चक्रावतो, घाबरत नाही. घाबरतो तो पुढे, पोलनारेफचा साथीदार काक्योइन याच्या मरणात. काक्योइननं 20 मीटरच्या टापूत आपले अदृश्य धागे विणून ठेवलेले असतात. डिओ कुठूनही आला तरी एखादा धागा आधी तुटेल आणि तो कळेल, अशी योजना. सगळे धागे एकाच क्षणी तुटतात. एकही आधी नाही, एकही नंतर नाही. पोटात भोक पडलेल्या अवस्थेत काक्योइन याचा अर्थ लावतो: डिओ काळ थांबवतो. उरलेल्या बळानिशी तो घड्याळाच्या मनोऱ्यावर मारा करून ते घड्याळ बंद पाडतो, साथीदाराला कळावं म्हणून. कोडं सुटलं, म्हणून जीव भांड्यात पडतो का? मुळीच नाही. उलट तेव्हा कळतं की या माणसापुढे सावध राहून उपयोग नाही, कारण सावध राहायलासुद्धा एक क्षण लागतो आणि तो क्षणच त्याच्या मालकीचा आहे. पुढे डिओ थांबलेले सेकंद मोठ्यानं मोजतो, आधी 5, मग 9, आणि आपणही त्याच्याबरोबर मोजू लागतो.

चित्रकाराच्या नजरेनं यात आणखी एक गोष्ट दिसते. मांगाच्या दोन चौकटींमध्ये एक पांढरी पट्टी असते. तिथे काहीच काढलेलं नसतं. मधे काय घडलं ते वाचक स्वतःच्या मनानं भरतो आणि त्याला वाटतं, मी सगळं पाहिलं. डिओ नेमका त्या पट्टीत वावरतो. म्हणून ही शक्ती कागदावर जितकी अंगावर येते तितकी पडद्यावर येत नाही, असं माझं मत आहे.

पण ज्याच्यासाठी मी हे पत्र लिहायला बसलो तो याच मालिकेच्या चौथ्या भागातला योशिकागे किरा. (‘डेथ नोट’मधलं लाइटचं टोपणनावही किराच, त्याचा इथे संबंध नाही.) हा भाग 1992 ते 1995 दरम्यान प्रसिद्ध झाला. कथा 1999 सालची, मोरिओ नावाच्या काल्पनिक गावातली. अराकी मूळचे सेंदाईचे, आणि मोरिओ त्याच शहरावर बेतलेलं आहे. किरा 33 वर्षांचा, कामेयू नावाच्या मोठ्या दुकानात नोकरीला. रात्री आठच्या आत घरी, अकराला अंथरुणात, झोपण्यापूर्वी कोमट दूध आणि थोडा व्यायाम. बक्षिसांतही तो मुद्दाम तिसरा येतो, म्हणजे कोणाच्या डोळ्यांत भरायला नको. त्याला जग जिंकायचं नाही. त्याला शांतपणे जगायचं आहे आणि अधूनमधून एखाद्या स्त्रीला मारून तिचा हात जवळ ठेवायचा आहे. त्याच्या शक्तीचं नाव किलर क्वीन. तो ज्या वस्तूला स्पर्श करेल ती बॉम्ब होते. एवढ्यावर थांबला असता तर तोही वर्गातल्या वह्यांमधला एक खलनायक झाला असता.

पकडला जाण्याची वेळ येते तेव्हा किरा कावाजिरी नावाच्या गृहस्थाला मारतो, त्याचा चेहरा मिळवतो आणि त्याच्याच घरात नवरा आणि बाप म्हणून राहू लागतो. बायकोला हा बदललेला नवरा आवडू लागतो. प्राथमिक शाळेत जाणाऱ्या हायातो या मुलाला मात्र संशय येतो. तो लपून चित्रीकरण करतो आणि त्याला पुरावा मिळतो. मग किरा आपला शेवटचा बॉम्ब त्या मुलामध्ये ठेवतो. नियम असा: किराबद्दल हायातोकडून जो कोणी काही जाणून घ्यायला जाईल तो फुटून मरेल, आणि वेळ तासाभरानं मागे जाईल. आधीची सकाळ फक्त हायातोला आठवेल. त्यातही क्रूर भाग असा की, एकदा जो मेला तो पुढच्या फेरीत त्याच वेळेला पुन्हा मरतो, हायातोनं तोंड मिटून ठेवलं तरीही. किरालाही काही करावं लागत नाही. तो कामावर निघालेला असतो.

संपादक महोदय, या नियमाला कोण बळी पडतं ते पाहा. दुष्ट माणसं नाही, लोभी माणसं नाही. “बाळा, काय झालं?” असं विचारणारी माणसं. विचारणाऱ्याच्या डोळ्यात किलर क्वीनची इवलीशी आकृती उमटते आणि खेळ संपतो. रोहान हा चित्रकार आधी जातो, नंतरच्या फेऱ्यांत बाकीचेही. मदत मागणं म्हणजेच मदत करणाऱ्याला मारणं. आणि हे सगळं हायातोला नीट समजलेलं आहे. तेच त्याला बांधून ठेवतं. त्याला नियम कळला नसता तर तो निदान धावत जाऊन कुणाला सांगू तरी शकला असता.

शिक्षक म्हणून मला हा प्रसंग वाचवत नाही, तरी मी तो पुन्हा पुन्हा वाचतो. घरात काहीतरी वाईट घडत असलेलं मूल वर्गात कसं बसतं, हे आम्ही पाहिलेलं असतं. विचारलं तर “काही नाही, सर.” आपण सांगितलं तर आईचं काय होईल, विचारणाऱ्या सरांचं काय होईल, हा हिशेब त्या वयात ते मूल एकटं करत असतं. अराकींनी काळ मागे नेणारा बॉम्ब काढला, पण त्या बॉम्बच्या आत ही भीती ठेवली.

आणि सुटकाही त्याच नियमातून येते, म्हणून ती खरी वाटते. हायातो कोणालाच काही सांगत नाही. तो फक्त फोन करून किराच्या मागावर असलेल्या जोसुकेला लवकर घराबाहेर काढतो. आपण जिंकलो अशा समजुतीत किरा मुलापुढे स्वतःच्या तोंडानं स्वतःचं नाव घेतो, आणि ते जोसुकेच्या कानावर पडतं. मुलानं नियम मोडला नाही, खुन्यालाच बोलतं केलं.

अलीकडचं म्हणाल तर तात्सुकी फुजिमोतो यांच्या ‘चेनसॉ मॅन’मधली माकिमा. तिच्यावर गोळ्या झाडतात, ती मरते आणि उठून बसते. का, ते बऱ्याच उशिरा समजतं: तिनं जपानच्या पंतप्रधानांशी करार केलेला आहे, आणि तिच्यावरचा प्रत्येक प्राणघातक हल्ला कोणा जपानी नागरिकाच्या आजारात किंवा अपघातात बदलतो. हे वाचलं आणि मी मागे जाऊन ते सगळे हल्ले पुन्हा पाहिले. आधी ज्या चौकटीत फक्त ती पडताना दिसली होती, त्या प्रत्येक चौकटीबाहेर आता कोणीतरी अनोळखी माणूस मरत होता. पुढचं सांगत नाही, वाचकांनी मुळातून वाचावं.

लेखकाच्या बाजूनं एक उदाहरण मला मान्य आहे. जुंजी इतो यांच्या ‘उझुमाकी’मध्ये गावाला ग्रासणाऱ्या सर्पिल आकृतीचं कारण सांगितलेलं नाही, आणि ती भयंकरच आहे. पण तिथे खलनायक कुठे आहे? ते संकट आहे. खलनायकाला इच्छा असते, आणि इच्छा असलेल्या माणसाच्या हातात नेमका नियम आला की तो काय करेल, याची भीती वेगळी.

माझे विद्यार्थी नवा खलनायक काढून आणतात तेव्हा अभिमानानं सांगतात, “सर, हा काहीपण करू शकतो.” डोंगर फोडतो, सूर्य विझवतो. चित्र सुरेख असतं, भीती काडीची वाटत नाही. मी विचारतो, “हा काय करू शकत नाही?” गेल्या सत्रात नववीतल्या एका मुलीनं विचार करून उत्तर आणलं: तिचा खलनायक फक्त त्यालाच हात लावू शकतो जो त्याला घरात या म्हणेल. नंतर तिनं दार काढलं. अर्धवट उघडं दार, बाहेर चपला, आणि दारात पाण्याचा पेला घेऊन उभी असलेली आजी. वर्गातली सगळी मुलं त्या चित्राभोवती जमली होती.

शेवटी एक विनंती. मांगाचं पान उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं. लेखासोबत आपण पोलनारेफच्या जिन्याच्या दोन चौकटी छापल्या, त्या मराठी सवयीप्रमाणे डावीकडची चौकट पहिली धरून मांडल्या गेल्या. त्यामुळे तो आधी खाली आणि मग वर दिसतो, म्हणजे नुसता जिना चढणारा माणूस. ज्यांनी मूळ वाचलेलं नाही त्यांना यात घाबरण्यासारखं काय, असा प्रश्न पडला असणार. पुढच्या वेळी क्रम मूळचा ठेवावा, आणि जमल्यास सुट्या चौकटींऐवजी अख्खं पान छापावं.

आपला,
एक चित्रकला शिक्षक, जि. सातारा